खिशातल्या सात गोळ्या

गेली बावीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवतो. माझं काम दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं. चूक सापडली की त्या मालावर लाल कार्ड लावायचं आणि चूक करणाऱ्याला चारचौघांत दोन शब्द ऐकवायचे. हे दोन शब्द कामाच्या यादीत कुठेही लिहिलेले नाहीत, ते मी आवडीने ऐकवतो. बायको म्हणते, ह्यांना पगार दिला नाही तरी हे रोज सहाच्या बसला जाऊन उभे राहतील.

आमच्याकडे प्रत्येक मशीनला एक चेकशीट लटकवलेली असते. ऑपरेटरने दर तासाला पाच नग मोजायचे आणि त्या तासाच्या रकान्यात बरोबरची खूण करायची, अशी पद्धत. प्रत्यक्षात काय होतं ते चाकणपासून भोसरीपर्यंत कुठल्याही शेडमध्ये जाऊन बघा. माणूस सकाळी येतो, हात पुसतो, पेन काढतो आणि दुपारी तीनपर्यंतच्या सगळ्या खुणा एका दमात करून टाकतो. मग निवांत मशीन चालवतो. आपण लबाडी केली असं त्याच्या मनातही येत नाही. काम तर होणारच आहे, खूण जरा आधी झाली एवढंच. ह्या एका सवयीशी मी बावीस वर्षं भांडतोय. ट्रेनिंगमध्ये माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी काम, मग खूण." इतक्या वेळा बोललोय की मी हॉलमध्ये शिरलो की मागच्या रांगेतून कुणीतरी ते माझ्याआधीच म्हणून टाकतं.

एका ठिकाणी मात्र मीच उलटा धडा दिला होता. गेटजवळ आमची फर्स्ट एड रूम आहे. तिथे एक ब्रदर असतो, म्हणजे पुरुष नर्स. जवळच्याच गावचा, कंत्राटावरचा, दहा वर्षांपासूनचा जुना माणूस. मागच्या वर्षी मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. आदल्या दिवशी मी त्याचं रजिस्टर चाळलं तर औषधाच्या वेळेचे निम्मे रकाने मोकळे. मी त्याला झापलं. "रकाना मोकळा दिसता कामा नये. आधी वेळ टाकायची, सही घ्यायची, मग बाकीचं." शिवाय रजिस्टरमध्ये मी स्वतःच्या अकलेने एक नवा रकाना वाढवला, 'औषध घेतले, रुग्णाची सही'. ब्रदर म्हणाला, "व्हय सायेब." ऑडिटमध्ये त्या रकान्याचं कौतुक झालं. ते मी घरी येऊन दोनदा सांगितलं.

घर म्हणजे कासारवाडीतल्या दोन खोल्या, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. बायको घरीच ब्लाऊज शिवते. आमचं मूळ गाव लातूरकडचं. तिकडून येताना मी फार काही आणलं नाही, पण आईचा एक नियम घट्ट बांधून आणला. पोटात दोन घास गेल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, उपाशीपोटी गोळी आतडी जाळते. दोन वर्षांपूर्वी मला ब्लडप्रेशर निघालं आणि रोज सकाळी एक बारकी पांढरी गोळी मागे लागली. पहाटे मी बूट घालत असतो तेव्हा बायको ती गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहते. मी पाणी पितो. गोळी शर्टाच्या खिशात टाकतो, कॅन्टीनमध्ये पोहे खाल्ल्यावर घेऊ म्हणून. कधी आठवण होते. कधी खिशातच राहते. संध्याकाळी शिलाई मशीनच्या मागून प्रश्न येतो, "गोळी घेतली होती ना?" मी चपला काढता काढता म्हणतो, "हो." त्या 'हो'ला मी कधी लबाडी मानलं नाही. गोळी तर घेणारच होतो.

ह्याच दिवसांत आमच्या स्वयंपाकात एक दोष शिरला होता. एक दिवस आमटी झकास, दुसऱ्या दिवशी अळणी. पुन्हा चार दिवस ठीक, पुन्हा अळणी. आता मी क्वालिटीवाला माणूस. मी तिला शांतपणे समजावून सांगितलं, की मीठ हाताच्या अंदाजाने न घालता दर वेळी तोच चमचा भरून घातला तर असा फरक पडत नाही. ती म्हणाली, "बरं." फरक पडतच राहिला. मी वरून मीठ घेत राहिलो.

त्या सकाळी उठल्यापासून छाती जड होती. आदल्या दिवशीचं वांग्याचं भरीत मी जरा मनापासून खाल्लं होतं, त्यामुळे गुन्हेगार लगेच सापडला. कॅन्टीनचे पोहेही सोडले, पोटाला आराम म्हणून. पावणेदहाला राउंड मारताना मला एका मशीनवर हवं ते सापडलं. दुपारी तीनपर्यंतच्या सगळ्या खुणा भरलेली चेकशीट! ऑपरेटर माझ्याच वयाचा होता. मी ती शीट काढून हातात घेतली आणि सुरुवात केली. "आत्ता किती वाजले? पावणेदहा. आणि ह्या नगाचं माप तू दोन वाजता घेतलंस? तू काय ज्योतिषी आहेस काय?" आजूबाजूची दोन-चार माणसं थांबली. मला रंग चढला. तेवढ्यात छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसावं तसं झालं. कळ डाव्या खांद्यातून जबड्यापर्यंत आली. मी बोलणं थांबवलं नाही. वाक्य अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. तो ऑपरेटर माझ्याकडे बघत होता आणि मला वाटत होतं की तो वरमलाय.

"सायेब," तो म्हणाला, "मला मागनं बोला. तुमाला घाम बगा किती सुटलाय."

त्याने आणि आणखी एकाने मला धरून फर्स्ट एड रूममध्ये नेलं. चेकशीट माझ्या हातातच होती. ब्रदरने मला आडवं केलं, छातीला वायरी चिकटवल्या, ईसीजीची पट्टी काढली आणि तिचा फोटो पिंपरीच्या हॉस्पिटलला पाठवला. दोन मिनिटांत तिकडच्या हृदयाच्या डॉक्टर बाईंचा फोन आला. ब्रदर उभ्या उभ्या "व्हय, व्हय" करत होता. फोन ठेवला आणि तो कपाटाकडे धावला.

"सायेब, हार्टचा अटॅक हाय. लगीच पाठवा म्हणाल्या. आन् त्याच्या आदी ह्या गोळ्या द्या म्हणाल्या."

"अरे, ॲसिडिटी आहे. भरीत लई झालं काल."

"न्हाई सायेब. धा वर्सं पट्ट्या बगतुय मी."

त्याने एका कागदावर सात गोळ्या काढल्या. एक मोठी, चार गुलाबी, दोन पांढऱ्या. "ही मोठी चावून खायाची. बाकीच्या पान्याबरं गिळायच्या. लगीच." मग त्याने रजिस्टर ओढलं. दहा वीस अशी वेळ टाकली. हॉस्पिटलच्या चिठ्ठीवरही तीच टाकली. रजिस्टर माझ्यापुढे धरलं. मी त्याच्याकडे बघितलं.

"तुमीच सांगितलंय न्हवं, आदी सही," तो ओशाळून म्हणाला.

मी सही केली. एवढ्या कळा येत असतानाही सही माझी सरळ रेषेत आली, ह्याचं मला त्याही क्षणी बरं वाटलं. तो ॲम्ब्युलन्सला फोन लावायला आणि पाणी आणायला वळला.

त्या पाठमोऱ्या अर्ध्या मिनिटात मी जे केलं ते मी पुढे बरेच दिवस कुणालाच नीट सांगू शकलो नाही. हातात सात गोळ्या, पोटात काल रात्रीपासून काही नाही. एक गोळी आतडी जाळते, सात काय करतील? हे झालं सांगायचं कारण. आतलं कारण वेगळं होतं. गोळ्या गिळल्या म्हणजे मला अटॅक आलाय हे मान्य केल्यासारखं झालं असतं. खिशात ठेवल्या तर अजून काही ठरलेलं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी नेहमी थोडी मुदत मागून घेतो. मी कागदाची पुडी केली आणि शर्टाच्या खिशात टाकली. काहीतरी खायला मिळालं की घेऊ.

ब्रदर पेला घेऊन आला. "चावली मोठी?"

मी मान हलवली आणि चावायला लागलो. तोंडात काहीही नव्हतं. एक्कावन्न वर्षांचा, दोन मुलींची लग्नं केलेला माणूस, रिकामं तोंड चावत होता. वर मी तोंडही वाकडं केलं, गोळी कडू लागल्यासारखं. मग पाणी प्यालो.

ॲम्ब्युलन्समध्ये ब्रदर माझ्याबरोबर बसला. चाकणच्या चौकात नेहमीसारखे कंटेनर आडवेतिडवे लागले होते. सायरन ओरडत होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. मी ब्रदरला म्हटलं, "एखादं ग्लुकोजचं बिस्कीट मिळेल का?"

"सायेब, आता कायबी खायाचं न्हाई. हॉस्पिटलात नळी घालायची हाय."

झालं! आता खायचं नाही आणि खाल्ल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. ह्या दोन नियमांच्या मध्ये मी अडकून पडलो. दुसऱ्या कुणाची अशी अडचण असती तर मी पाच मिनिटांत मार्ग काढून वर व्याख्यानही दिलं असतं.

मोशीपर्यंत कळ एवढी वाढली की मला आईचा नियम नको झाला. आता घेऊन टाकू, असं मनाशी ठरवलं आणि हात खिशाकडे नेला. ब्रदरला वाटलं, साहेब घाबरून छाती दाबतायत. त्याने माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "काय न्हाई व्हणार सायेब. मी हाय ना." आणि पिंपरी येईपर्यंत त्याने तो सोडला नाही. मी एकदा सोडवायचा प्रयत्न केला, तर त्याने आणखी घट्ट धरला. मध्येच डॉक्टर बाईंचा फोन आला. त्याने फोन खांद्यावर धरून सांगितलं, "दिल्यात मॅडम. धा वीसला. सही हाय." मी डोळे मिटून घेतले. त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडायला तोंडात जीभ हवी होती.

नाशिक फाट्याच्या पुलावरून जाताना वाटलं, इथून घर दहा मिनिटांवर. उतरावं, दोन घास खावेत, गोळ्या घ्याव्यात आणि सगळ्यांना दुपारनंतर भेटावं.

बायको आमच्या आधी पोचली होती. कासारवाडीहून पिंपरी म्हणजे रिक्षाने किती वेळ? ब्रदरचा फोन गेला तेव्हा ती कुणाचं तरी माप घेत होती. तशीच आली होती, गळ्यात मापाची टेप. माझ्या स्ट्रेचरच्या बाजूने चालताना तिने एकच विचारलं, "फार दुखतंय?" मी म्हटलं, "नाही." आमच्या घरात मी खरं बोलायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी हेच मला कळत नाही.

आत सिस्टरने विचारलं, "गोळ्या घेतल्या का?" मी म्हटलं, "हो." मग डॉक्टर बाई आल्या. वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. हातात ब्रदरची चिठ्ठी. "काका, त्या सात लोडिंगच्या गोळ्या किती वाजता घेतल्या?" मी म्हटलं, "दहा वीस." विचारलं असतं तर मी सेकंदही सांगितले असते, इतक्या खात्रीने.

त्या बायकोकडे वळल्या आणि समजावून सांगू लागल्या. मी तिथेच पडून ऐकत होतो. "काकू, हृदयाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकलीय. मनगटातून नळी घालू, फुगा फुगवून वाट मोकळी करू आणि तिथे जाळीची स्प्रिंग बसवू. पण स्प्रिंग म्हणजे रक्ताच्या दृष्टीने परकी वस्तू. रक्त तिच्यावर परत गोठायला बघतं. म्हणून त्या गोळ्या आधी द्यायच्या असतात, मी आत पोचायच्या आधी औषध तिथे पोचलेलं हवं. गोळी रक्तात उतरायला वेळ घेते. ह्यांनी दहा वीसला घेतल्यात ते फार बरं झालं."

फार बरं झालं! मला दरदरून घाम फुटला. सिस्टरने तो अटॅकचा समजून पुसला.

आता तरी बोलायला हवं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, ह्यात अवघड काय आहे? मलाही आज तसंच वाटतं. पण तिथे पायाशी ब्रदर उभा होता, डॉक्टरांच्या हातात माझ्या सहीवर विसंबून लिहिलेला कागद होता आणि मी बावीस वर्षं लोकांना खोट्या खुणांवरून फाडून खाल्लं होतं. मला लाज वाटत होती. मरणाच्या भीतीहून ती मोठी होती, हे लिहिताना आजही कसंतरी होतं. तरी मी धीर केला. "डॉक्टर..."

"बोला काका."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"बाथरूमला जायचं होतं," मी म्हणालो.

त्यांनी भांडं दिलं. ते मी वापरलंही, खोटं पडू नये म्हणून.

मग माझे कपडे काढून हिरवा अंगरखा घातला. संमतीचा कागद पुढे आला. मी तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. सिस्टर म्हणाली, काका, वेळ नाहीये. मी सही केली, ही पण सरळ आली. माझा निळा शर्ट, पँट, घड्याळ एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बायकोच्या हातात दिलं आणि स्ट्रेचर दाराकडे ढकललं. मी मान वळवून बघत होतो. माझं सगळं लक्ष त्या पिशवीवर होतं.

बायकोने पिशवी घेतली. घड्याळाकडे बघितलं नाही. पाकीट कुठे आहे विचारलं नाही. तिने सरळ शर्ट बाहेर ओढला आणि खिशात दोन बोटं घातली. शोधल्यासारखी नाही, रोजचं काम असल्यासारखी. पुडी निघाली. तिने ती उघडली. एक मोठी, चार गुलाबी, दोन पांढऱ्या.

ती धावत स्ट्रेचरच्या पुढे आली. माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरांपुढे तळहात धरला. "ह्या ह्यांनी घेतलेल्या नाहीत."

"असं कसं होईल? कागदावर दहा वीस लिहिलंय. सही आहे त्यांची."

"कागदावर काहीही असू द्या हो," बायको म्हणाली. "मी ह्यांचे कपडे धुते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "काका?"

ह्या वेळी मी खरं बोललो. आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं श्रेय घेता येत नाही. मी म्हटलं, "नाही घेतल्या. उपाशी होतो."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या भराभर सिस्टरला सांगत सुटल्या, गोळ्या पुन्हा काढा, ह्या कुटून पाण्यात द्या, अमुक इंजेक्शन तयार ठेवा. मग मोठी गोळी माझ्या जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "आता चावा. मला आवाज ऐकू आला पाहिजे." मी चावलो. आंबट, खडूसारखी चव. कुटलेल्या गोळ्यांचं गढूळ पाणी प्यालो. तोंड उघडून जीभ वर, जीभ खाली करून दाखवली. बाहेर जाणाऱ्या मालाची मी याहून कडक तपासणी कधी केलेली नाही.

"ह्या आत्ता पोटात गेल्या," डॉक्टर बायकोला म्हणाल्या, "पण मला थांबता येणार नाही, वाहिनी बंद आहे. त्यामुळे शिरेतून आणखी एक औषध चालू करते. त्यात रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. पण दुसरा इलाज नाही."

बायकोने मान हलवली. तिने टेपचं एक टोक मुठीत गच्च धरलं होतं. ब्रदर भिंतीला टेकून उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

आत थंडी होती. मनगटाला टोचलं ते कळलं, पुढचं फारसं नाही. बाजूच्या पडद्यावर माझी रक्तवाहिनी दिसत होती, मध्येच तुटलेल्या फांदीसारखी. मग ती मोकळी झाली आणि खालचा भाग काळा काळा भरत गेला. मला वाटलं, संपलं. पण डॉक्टर पडद्यावरून नजर काढेनात. जिथे स्प्रिंग बसली होती तिथे पुन्हा पांढरट काहीतरी धरू लागलं होतं. "गोठतंय परत," त्या हलक्या आवाजात कुणाला तरी म्हणाल्या. औषध वाढवलं. फुगा पुन्हा आत गेला. थोडी वाट बघितली. तिसऱ्यांदा गेला.

त्या वाट बघण्यात माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. देव आठवला नाही, मुलीही नाहीत, ह्याची मला लाज आहे. आठवलं ते रजिस्टर. मी इथे मेलो असतो तर कागदोपत्री कुठेही दोष सापडला नसता. दहा वीस, औषध घेतले, रुग्णाची सही. सगळे रकाने भरलेले. कंपनीत मी स्वतःच ते तपासलं असतं तर मी त्यावर हिरवी खूण केली असती.

शेवटी वाहिनी मोकळी राहिली. डॉक्टर बाहेर जाताना म्हणाल्या, "काका, अर्ध्या तासाचं काम तुम्ही दीड तासाचं केलंत." मी सॉरी म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रदर भेटायला आला. शहाळं घेऊन आला होता. पलंगाच्या कडेला उभा राहिला, बसला नाही. "सायेब, चूक माजी हाय. आदी वेळ लिवली, मागनं गोळ्या दिल्या. तुमच्या तोंडात घातल्याबिगर मी हलाया नको हुतं." कंपनीतून त्याला लेखी खुलासा मागितला होता. कंत्राटी माणूस, त्याचा खुलासा म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि सलाइनच्या हाताने लिहिलं, की रकाना आधी भरायला मीच शिकवलं, रुग्णाने चावल्याचं नाटक केलं आणि रुग्ण तीन वेळा खोटं बोलला. खाली सही केली. ही मात्र वाकडी आली. तो कागद त्याने चारदा वाचला. मग म्हणाला, "सायेब, त्ये चावल्यालं मला खरं वाटलं हुतं बगा." आणि आम्ही दोघंही हसलो. मला हसताना छातीत दुखलं.

त्याची नोकरी राहिली. रजिस्टरमधला माझा तो रकाना आता काढून टाकलाय. गोळी समोर गिळली की मगच वेळ, अशी नवी सूचना भिंतीवर लागलीय. खाली माझं नाव नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. ट्रेनिंगला मी हॉलमध्ये शिरलो की आता मागच्या रांगेतून "आधी काम, मग खूण" येत नाही. कुणीतरी रिकामं तोंड चावून दाखवतं.

पण हे पुढचं. हॉस्पिटलमधून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉटवर पडून होतो. बायको मशीनवर बसली होती. मला वाटलं ब्लाऊज असेल. बघितलं तर माझे कंपनीचे निळे शर्ट. सहाच्या सहा. एकेकाच्या खिशाचं तोंड ती शिवून टाकत होती, सरळ, पक्क्या टिपेने.

"मी पेन कुठे ठेवू?" मी विचारलं.

"कानावर."

मशीन थोडा वेळ चाललं. एक शर्ट झाला, दुसरा घेतला. मला राहवेना.

"तुला माहीत होतं? म्हणजे रोजची ती गोळी."

"दोन वर्षं," ती म्हणाली. "धुताना खिशात पांढरं पीठ व्हायचं. कधी अख्खी मिळायची. महिन्यातून सात-आठदा तरी."

"आणि तू काहीच केलं नाहीस?"

"केलं की. ज्या दिवशी मिळायची त्या दिवशी आमटीत मीठ घालत नव्हते. गोळी नाही तर नाही, प्रेशरला मीठ तरी नको." तिने दोरा दाताने तोडला. "तुम्ही वरून घेत होता, त्याला मी काय करू?"

दोन वर्षं हा क्वालिटीवाला माणूस तिला चमचा कसा मोजायचा ते शिकवत होता.

"पण बोलायचं ना मला. सरळ तोंडावर विचारायचं."

"विचारत होते की रोज." मशीन थांबलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, तिचा हात त्या शर्टाच्या खिशावर होता. "खिशात हात घालून दाखवला असता तर तुम्ही दुसरीकडे कुठेतरी टाकायला लागला असता. बसमधून बाहेर, नाहीतर मोरीत. मग मला काय कळलं असतं? खिसा तरी मला माहीत होता."

मला रडू आलं. मी ते लपवायचा प्रयत्न केला आणि तिने, जन्मात पहिल्यांदा, ते दिसलं नाही असं दाखवलं नाही. उठून आली, पलंगावर बसली, पदराने माझे डोळे पुसले आणि घड्याळाकडे बघितलं. मग आतून पाण्याचा पेला आणि तळहातावर दुपारच्या गोळ्या घेऊन आली. मी अजून जेवलो नव्हतो. तरी तिच्यासमोर एकेक गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

जेवायला वाढलं तेव्हा आमटी अळणी होती. मिठाचा डबा हाताशीच होता, तो मी मागे सरकवला.